फोर-हायचा दिवा लुकलुकतो, चढावर खालून खटका येतो – ट्रान्सफर केस गेली का?

द्राक्षबाग_दिंडोरी – १२ जून, रात्री ९.४०

राम राम मंडळी. गाडी २०१२ ची, डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी पार्ट-टाइम फोर-बाय-फोर. लिव्हर नाही, डॅशबोर्डवर गोल स्विच आहे: टू-हाय (फक्त मागची चाकं), फोर-हाय (चारही चाकं), फोर-लो (चारही, वेग कमी, जोर जास्त). रनिंग १ लाख ४१ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीचा की माझ्या वापराचा हेच अजून कळलेलं नाही.

बाग दिंडोरीजवळ आहे, तिथे ट्रॅक्टर आहे. पण ननाशीकडे डोंगराच्या पायथ्याला भाताचा तुकडा आहे आणि पावसाळ्यात शेवटचे चार किलोमीटर नुसती काळी माती. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, माणसं आणि डिझेल न्यायचं तर हीच गाडी. म्हणून फोर-व्हील ही माझ्यासाठी हौस नाही.

त्रास असा:
स्विच फोर-हायला फिरवला की दिवा लुकलुकत राहतो. कधी खालून मोटरचा घुर्र आवाज येतो, कधी काहीच नाही. लागलं तर लागतं.
लागलंच, तर चढावर जोर दिला की ड्रायव्हरच्या पायाखालून थोडं मागे ‘खटाक’ असा झटका येतो, पायाला जाणवतो. सपाटीवर नाही.
टू-हायमध्ये गाडी ठीक, फक्त पाचव्यात बारीक शिटी ऐकू येते.

नाशिकच्या एका मोठ्या गॅरेजने खाली दोन मिनिटं बघून सांगितलं की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) संपली, पूर्ण असेंब्ली बदला, ८५ हजार. यंदा बागेने हात दिला नाही. एवढे पैसे घालण्याआधी तुम्हाला विचारतो आहे.

पंचवटीकर – १२ जून, रात्री १०.०५

ट्रान्सफर केसच्या आतली, पुढच्या चाकांकडे ताकद नेणारी चेन ढिली झाली असणार. माझ्या चुलतभावाच्या गाडीला हाच आवाज होता. त्याने जाड गिअर ऑइल भरलं आणि आवाज दबला.

सातपूरचा_फिटर – १२ जून, रात्री ११.२०

पंचवटीकर, राग मानू नका, पण तो सल्ला कुणी पाळू नये. चेनवाल्या बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये आत छोटा ऑइल पंप असतो, मागच्या आउटपुट शाफ्टवर फिरणारा. तो तेल वर ओढून बेअरिंगला देतो. अशा केसला बहुतेक वेळा एटीएफ, म्हणजे पातळ तेल सांगितलेलं असतं. जाड तेल घातलं की सकाळी थंड गाडीत ते वर पोचायला उशीर होतो. आवाज दबतो, पण बेअरिंग कोरडं फिरतं. तेलाचा प्रकार मॅन्युअल सांगेल तोच.

द्राक्षबाग भाऊ, मी २२ वर्षं गिअरबॉक्सच करतो. खाली झोपून दोन मिनिटांत ट्रान्सफर केस संपली असं मला तरी कधी सांगता आलं नाही. तुमच्याकडे दोन वेगळे त्रास दिसतात, एक विजेचा आणि एक लोखंडाचा. ते एकच आहेत असं धरलं की असेंब्लीचा आकडा निघतो.

आधी एवढं सांगा. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत का? फोर-हाय डांबरीवर वापरता का? आणि गेल्या वर्षभरात गिअरबॉक्सचं किंवा ट्रान्सफरचं तेल कुणी बघितलं का?

द्राक्षबाग_दिंडोरी – १३ जून, सकाळी ६.१५

दादा, इतक्या रात्री उत्तर दिलंत, आभार. मागचे दोन टायर दिवाळीत नवे घातले, पुढचे जुनेच, अजून नक्षी आहे म्हणून ठेवले. माप चौघांचं २३५/७० आर १६. डांबरीवर वापरतो, हो. पाऊस असला की पेठ रस्त्याला लागतानाच फोर-हाय लावून ठेवायचो, सावळघाटात घसरायला नको म्हणून. तेल जानेवारीत बघितलं होतं. गिअरबॉक्समध्ये कमी होतं, मेकॅनिकने अर्धा-पाऊण लिटर घातलं. गळती कुठेच नव्हती, खाली एक थेंब नाही.

सातपूरचा_फिटर – १३ जून, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे, थोडं लांबेल.

टायरचा हिशेब आधी. तुमच्या मापाचा नवा टायर साधारण ७३५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे एका फेऱ्यात २.३१ मीटर. पुढचे टायर ५ मिलिमीटर झिजले असतील तर व्यास १० मिलिमीटरने कमी, फेरा २.२८ मीटर. ढोबळ गणित आहे, पण किलोमीटरला पुढची चाकं मागच्यांपेक्षा जवळजवळ ६ फेरे जास्त मारतात. डिफरन्शियलचं प्रमाण ४ च्या आसपास धरलं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉप शाफ्टचे (ट्रान्सफर केसकडून ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे) चार फेरे, तर शाफ्टमध्ये तो फरक २४ फेऱ्यांचा होतो. पार्ट-टाइम ट्रान्सफर केसमध्ये मधलं डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा जोड, नसतो. फोर-हायमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात. मग हे २४ फेरे जाणार कुठे? चिखलात चाक थोडं घसरतं आणि पीळ सुटतो. डांबरीवर चाक घसरत नाही, म्हणून पीळ चेनमध्ये, क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात), दातांमध्ये भरत जातो. वळणावर त्यात भर पडते, कारण पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. फोर-हायमध्ये गाडी वळवताना अडल्यासारखी होते ती यामुळेच. ओल्या डांबरीवर थोडी सूट मिळते, पण अख्ख्या घाटाला पुरेल इतकी नाही.

टू-हायला परत येताना अडकली तर स्विचशी मारामारी करू नका. सरळ रेषेत चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो आणि ती आपोआप निघते.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त खटकते. गिअरबॉक्सचं तेल अर्धा-पाऊण लिटर कमी झालं आणि खाली थेंब नाही. मग ते गेलं कुठे? तेल काही उडून जात नाही. पाचव्यातली शिटीही मी याच खात्यात टाकतो.

या रविवारी एवढं करा, पैसा लागणार नाही. गाडी सपाट जागी घ्या. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर नको. इंजिन बंद. टू-हायमध्ये पुढचा प्रॉप शाफ्ट हाताने फिरवा, मोकळा फिरला पाहिजे. मग फोर-हाय लावा. आता तो अडला पाहिजे, आणि अडण्याआधी किती मोकळा हलतो ते खडूने खूण करून बघा. क्रॉसही तेव्हाच हलवून बघा, एक हात शाफ्टवर, एक योकवर (क्रॉस धरणाऱ्या बेचक्यावर). शेवटी ट्रान्सफर केसचा भरायचा बोल्ट उघडा. खालचा नाही, वरचा. नेहमी आधी वरचाच उघडायचा, कारण तेल खालून सोडलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला तर गाडी तिथेच अडकते. तेल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं असायला हवं. कमी आहे, जास्त आहे, वास कसला येतो, तेवढं लिहा.

रानवाटा – १३ जून, संध्याकाळी ७.१०

एक भर घालते. लिव्हरवाल्या गाड्यांत ट्रान्सफर केसला न्यूट्रल असतो. तो लागलेला असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये असली तरी धरली जात नाही, गडगडते. हरसूलच्या रस्त्यावर माझ्यासमोर एक गाडी अशी मागे सरकली होती, नशिबाने बांध होता. खाली झोपण्याआधी दगड लावाच.

निवृत्त_हवालदार – १३ जून, रात्री ८.४५

लष्कराच्या ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, २४ वर्षं काढली, आता देवळाली कॅम्पला असतो. जिप्सीच्या ट्रान्सफर केस इतक्या उघडल्या की मोजल्या नाहीत. पण जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी टांगलेली असते, मध्ये आखूड शाफ्ट असतो आणि आत गिअर, चेन नाही. या घरचं तेल त्या घरी जाऊच शकत नाही. तुमच्या गाडीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या शेपटाला थेट बोल्टने बसवलेली आहे. मध्ये भिंत म्हणून एक ऑइल सील, तेल अडवणारी रबरी कडी. फिटरसाहेबांना काय संशय आहे ते माझ्या लक्षात आलं आणि मलाही तेच वाटतं.

पण सील गेलं तर ते का गेलं हे विचारा. गिअरबॉक्सचा ब्रीदर बघा, वरच्या अंगाला छोटी टोपी किंवा रबरी नळी असते. चालून गरम झाल्यावर आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. ती वाट बुजली तर हवा सर्वांत कमकुवत सीलमधून तेल ढकलते. ट्रान्सफरचा ब्रीदरही बघा. गरम केस ओढ्याच्या पाण्यात बुडून एकदम थंड झाली की आत ओढ बसते, आणि हवेची वाट बंद असेल तर ती सीलमधून पाणी घेते. त्या तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा होतो.

द्राक्षबाग_दिंडोरी – १५ जून, रात्री ८.३०

रविवारचा सगळा दिवस गाडीखाली गेला, मुलगा मदतीला होता. जे दिसलं ते लिहितो.

टू-हायमध्ये पुढचा शाफ्ट मोकळा. फोर-हाय तिसऱ्या प्रयत्नात लागलं, शाफ्ट अडला, पण अडण्याआधी खडूची खूण बोटाच्या दोन पेरांइतकी सरकते. पुढच्या शाफ्टचा ट्रान्सफरकडचा क्रॉस हलतो, स्पष्ट.

आणि वरचा बोल्ट उघडला तर तेल भस्सकन बाहेर आलं. काठापर्यंत असायला हवं होतं, ते काठाच्या कितीतरी वर होतं. पातळ लाल नाही, तपकिरी, बोटाला दाट लागणारं, आणि वास गंधकासारखा उग्र. मुलाने खाली डबा धरला, लिटरभर तर सहज निघालं. गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला तर बोट आत घालूनही तेल लागलं नाही.

ब्रीदरपर्यंत हात पोचला नाही, राहिला.

सातपूरचा_फिटर – १५ जून, रात्री ९.००

गाडी जागेवर उभी करा. गिअरबॉक्समध्ये तेल भरल्याशिवाय बागेतूनही हलवू नका.

तो उग्र वास गिअर ऑइलचा, त्यात गंधकाची द्रव्यं असतात. एटीएफला तसा वास नसतो. दोन्हींमधलं सील गेलं आहे, यात आता मला शंका नाही. ट्रान्सफर केस उतरवावी लागेल, पण उतरवणं आणि बदलणं यात पैशाचा फार फरक आहे. क्रॉसचा खटका आणि चेनचा खटका ऐकायला सारखाच असतो. आधी क्रॉस बदला, तो स्वस्त आहे आणि बदलायचाच आहे. आवाज राहिला तर चेन.

गंगापूररोड – १६ जून, सकाळी १०.२०

धाग्यात घुसतो, माफ करा. माझी शहरी एसयूव्ही आहे, ऑल-व्हील ड्राइव्ह, इंजिन आडवं, लो रेंज नाही. तिलाही हेच सगळं लागू का?

निवृत्त_हवालदार – १६ जून, दुपारी १२.००

थोडं लागू, थोडं नाही. तुमच्या गाडीत गिअरबॉक्सला चिकटून एक छोटा डबा असतो, तो ताकद मागे पाठवतो, आणि मागच्या डिफरन्शियलच्या आधी क्लचवाली कपलिंग असते. मधला पीळ ती कपलिंग घसरून सोडते, त्यामुळे डांबरीवर चालवायला हरकत नाही. पण त्या डब्यात तेल फार थोडं असतं, सहसा लिटरपेक्षा कमी, आणि तो तापतो. गॅरेजवाले तो उघडतच नाहीत. तेवढं तेल वेळेवर बदलून घ्या. टायर मात्र चारही सारखे हवेत, नाहीतर कपलिंग सतत घसरत राहते आणि जळते. आणि गाडी बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढू देऊ नका. सपाट ट्रकवर चढवूनच न्या.

द्राक्षबाग_दिंडोरी – २४ जून, रात्री १०.१०

उशीर झाला. मध्ये आवणीची रोपं, बागेची फवारणी, आणि गाडी गॅरेजला. फिटरदादांनी खाजगी निरोपात एका मिस्त्रींचं नाव दिलं होतं, त्यांच्याकडेच काम केलं. मी तीन दिवस तिथे बसून होतो.

आधी दिवा. मिस्त्रींनी शिफ्ट मोटरचं कनेक्टर काढलं तर आतल्या पिना हिरव्या. मल्टिमीटर लावून मला स्विच फिरवायला सांगितला. मोटरच्या दोन तारांना १२ व्होल्ट व्यवस्थित येत होते. फोर-हायला जाताना प्लस एका तारेला, परत येताना दुसरीला. म्हणजे फ्यूज, रिले, स्विच ठीक. बिघाड होता जागा सांगणाऱ्या सेन्सरच्या तारांत. मोटर फिरून फोर-हायवर पोचते, पण पोचल्याचा निरोप कंट्रोलरला मिळत नाही, म्हणून तो दिवा लुकलुकवतो. पिना ब्रशने साफ केल्या, एक तार उंदराने कुरतडलेली होती ती जोडली, नवं रबर घातलं. दिवा त्याच क्षणी स्थिर झाला. हे सगळं ६०० रुपयांत. असेंब्लीच्या ८५ हजारांत नवी मोटर मिळाली असती आणि ती याच कुरतडलेल्या तारेला जोडली असती.

मग क्रॉस बदलला, शाफ्टच्या सरकत्या जोडाला ग्रीस भरलं आणि गाडी चढावर नेली. खटका अर्ध्यावर आला, पण गेला नाही.

मग केस उतरवली. दोन शाफ्ट सोडले, खाली ट्रॉली जॅक लावला, गिअरबॉक्सच्या शेपटाचे बोल्ट काढले. दोघा माणसांना पेलवते पण जपून, कवच ॲल्युमिनिअमचं आहे, आपटलं की चीर जाते. सर्कलिप (शाफ्टवरची अडकवायची कडी) काढून कवचाचे दोन्ही अर्धे भाग वेगळे केले तेव्हा मिस्त्रींनी मला कवचाच्या आतली बाजू दाखवली. चेन जिथून जाते तिथे भिंतीवर घासून चकचकीत पट्टा पडला होता. ते म्हणाले, चेन मोजायच्या आधी भिंत बघायची, ढिली चेन भिंतीवर आपलं नाव लिहून ठेवते. जोर दिला की ती दातावरून उडी मारायची, तो माझा खटका.

गिअरचे दात चांगले निघाले. फोर्कचे (टू-हाय, फोर-हाय बदलताना आतला जोड सरकवणाऱ्या काट्याचे) पॅड निम्मे उरले होते, ते बदलले. पुढच्या आउटपुटचं बेअरिंग हाताने फिरवलं तर खरखरत होतं, तेही बदललं. तळाच्या चुंबकावर राखाडी लेप होता, पण तुकडे नव्हते. मिस्त्री म्हणाले, लेप म्हणजे झीज, तुकडा म्हणजे मोडतोड, तुमची झीज आहे.

चेन, बेअरिंग, पॅड, सगळी ऑइल सीलं, सीलंट, दोन्हीकडचं तेल आणि मजुरी धरून ३३ हजार. क्रॉस आणि वायरिंग वेगळं.

निवृत्त_हवालदार – २४ जून, रात्री १०.३०

काम उत्तम झालं. ब्रीदर?

द्राक्षबाग_दिंडोरी – २५ जून, सकाळी ६.००

काका, तेच लिहायचं ठेवलं होतं, कारण त्याच्यासाठी मला वेगळं उठून बसावंसं वाटलं.

केस परत चढवायच्या आदल्या संध्याकाळी तुमची पोस्ट मी मिस्त्रींना वाचून दाखवली. त्यांनी गिअरबॉक्सच्या वरची नळी काढली आणि तोंडाने फुंकली. हवा जाईना. चिरली तर आत बोटभर लांब मातीचं बूच. कुंभारमाशीचं घर. वाळून विटेसारखं झालेलं. आमच्या शेडमध्ये पत्र्याखाली, पंपाच्या पाइपात, खताच्या रिकाम्या पिंपात सगळीकडे ती घरं करते, पण गाडीच्या गिअरबॉक्सवर करेल हे डोक्यात आलं नव्हतं. गाडी उन्हाळ्यात दोन महिने शेडमध्येच उभी असते.

म्हणजे झालं ते असं. माशीने वाट बुजवली, गरम हवेने सीलमधून तेल ढकललं, गिअरबॉक्स रिकामा होत गेला आणि शिटी वाजू लागली. ट्रान्सफर केस दुसऱ्याच्या तेलाने भरली, पण बाहेर थेंब नाही म्हणून मी निर्धास्त. जानेवारीत तेल कमी दिसलं तेव्हा वरून भरण्यापेक्षा ते कुठे गेलं हे विचारायला हवं होतं. तुम्ही नसता तर नवं सील याच बुजलेल्या नळीखाली बसलं असतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच.

चेन ढिली होण्यात माशीचा दोष नाही, ती माझ्या टायरची आणि डांबरीवरच्या फोर-हायची. पुढचे दोन टायर काल बदलले.

रानवाटा – २५ जून, सकाळी ८.५०

हे वाचून आत्ता खाली जाऊन माझ्या गाडीची नळी बघून आले. मोकळी आहे. तुम्ही नळीचं तोंड आता कसं ठेवलंत?

द्राक्षबाग_दिंडोरी – २५ जून, दुपारी २.१५

दोन्ही ब्रीदरना लांब रबरी नळी जोडून ती इंजिनच्या मागच्या भिंतीपर्यंत वर घेतली, तोंड खाली वळवलं. तोंडावर बारीक पितळी जाळी. हवा जाते, माशी नाही. ओढा ओलांडतानाही तोंड पाण्याच्या वर राहील.

सातपूरचा_फिटर – २५ जून, रात्री ९.२५

जाळी महिन्यातून एकदा काढून धुवा, काळ्या मातीची धूळ तेलकट जाळीला धरते. आणि ५०० किलोमीटर झाले की ट्रान्सफरचं तेल एकदा सोडून बघा. नवी चेन थोडी राखाडी पूड सोडतेच. त्यात गिअर ऑइलचा वास आला नाही म्हणजे सील धरून आहे.

द्राक्षबाग_दिंडोरी – १९ जुलै, रात्री ९.५०

आज सोडलं. लाल आहे, वास नाही, चुंबकावर बोटाला लागेल इतकाच लेप. गिअरबॉक्सचं तेल काठाला टेकलेलं, शिटी बंद. ननाशीच्या चढावर परवा सहा माणसं, डिझेलचा कॅन आणि रोपांच्या मोळ्या घेऊन फोर-लोमध्ये गेलो, आणि डांबरी लागताच टू-हाय केलं. खटका नाही. आवणी उद्या संपेल.